कनूत कोण कुठे बसतं

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, वरून उघडी, पाचेक मीटर लांबीची हलकी होडी. तिच्यात कुणी कुठे बसायचं याचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण उत्तर अमेरिकेच्या सरोवरांच्या मुलखात तो घरोघरी पाळला जातो. मागच्या बैठकीवर दिशा सांभाळणारा, पुढच्या बैठकीवर जोर लावणारा आणि पाण्यातले खडक आधी पाहणारा, आणि मधे सामानाच्या पिशव्यांना टेकून बसलेलं लहान मूल. मूल थोडं मोठं झालं की पुढे सरकतं. पुढे कधीतरी, हातात पुरेसं बळ आलं की, आई किंवा वडील त्याला मागे बसायला सांगतात. आणि बऱ्याच वर्षांनी तेच आईवडील मधल्या जागेवर येतात, नातवंडाशेजारी.

कुटुंबांच्या रानातल्या कनूप्रवासांबद्दल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं, माहितीपट निघाले, संग्रहालयंही उभी राहिली. हे सगळं एकत्र पाहताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिढ्या एकमेकींना धरून राहतात त्या या जागांच्या अदलाबदलीमुळे, म्हणजे जबाबदारी हळूहळू एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्यामुळे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, टाळता न येणारं खरं काम. दुसरी, आजोबांनी पाहिलेलं तळं नातवालाही तसंच सापडणं. पहिली गोष्ट कुटुंबाच्या हातात असते. दुसरी नसते, आणि या विषयातले सगळे भांडणतंटे तिथेच सुरू होतात.

आधी भूगोल. कॅनडाचा मध्य आणि पूर्व भाग, शिवाय अमेरिकेतल्या मिनेसोटाचा उत्तर कोपरा अतिप्राचीन कठीण खडकावर वसला आहे. हिमयुगातल्या बर्फाने हा खडक खरवडून काढला आणि बर्फ वितळल्यावर खोलगट जागांमधे पाणी साचलं. त्यामुळे इथे तळ्याला लागून तळं आहे आणि दोहोंच्या मधे थोडीशी जमीन. चाकाची गाडी इथे निरुपयोगी. पाण्यावर आपल्याला वाहून नेईल आणि जमिनीवर आपण जिला वाहून नेऊ शकू अशीच होडी इथे चालते.

ती होडी अनिशिनाबे, क्री, अल्गोंक्विन, अतिकामेक या लोकांनी घडवली. बर्च झाडाची साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला सहज सुटते तेव्हा काढायची, सीडरच्या फळ्या आणि बरगड्या, शिवायला स्प्रूसची मुळं, आणि सांधे बुजवायला झाडाचा डिंक चरबीत कालवून. हे एकट्याचं काम नव्हतं. मुळं सोलणं, शिवणं, डिंक भरणं ही कामं बरीचशी बायकांकडे असत आणि मुलं भोवती वावरतच ती शिकत. बर्नार गोस्लाँ यांनी 1971 साली मानावान इथल्या सेझार नेवाशिश या सदुसष्ट वर्षांच्या अतिकामेक कारागिरावर माहितीपट केला. त्यात निवेदन नाही, नुसते हात चालताना दिसतात. टप्प्यांची नावं तेवढी पडद्यावर येतात. कनूबद्दल एकच गोष्ट पाहायची असेल तर मी हीच सुचवेन. एडविन टॅपन अ‍ॅडनी या माणसाने आयुष्यभर सालीच्या कनूंचे मोजमापासकट शंभराहून अधिक छोटे नमुने बनवले. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, 1964 मधे, हॉवर्ड शॅपेल यांनी पूर्ण केलं. त्याच्याशिवाय अनेक घडणी आज नावापुरत्याही उरल्या नसत्या.

‘कुटुंबाची कनूसहल’ ही सुट्टीतली कल्पना म्हणून पाहणारे लोक एक गोष्ट विसरतात. या मुलखात कुटुंब कनूतून फिरत होतं ते जगण्यासाठी. वसंतात मेपलचा रस, उन्हाळ्यात मासे, उन्हाळा सरताना जंगली तांदूळ, आणि मग हिवाळी शिकारीच्या जागा. मिनेसोटात तळ्यांतल्या जंगली तांदळाची कापणी आजही कनूतूनच होते. एक जण लांब काठीने होडी रेटतो आणि दुसरा दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या होडीवर वाकवून दाणे झाडतो. नवऱ्या-बायकोची, बाप-लेकीची, आजी-नातवाची अशी जोडी त्यात असते. हाही पिढ्यांचा कनूप्रवासच, फक्त त्याला कुणी सहल म्हणत नाही.

शहरी माणसांची परंपरा त्या मानाने नवी. 1893 मधे ऑन्टारियोत अल्गोंक्विन पार्क स्थापन झालं. त्याच वर्षी अमेरिकेत कीवेडिन हा मुलांचा उन्हाळी तळ सुरू झाला आणि काही वर्षांतच तो ऑन्टारियोतल्या टेमागामीच्या तळ्यांवर आला. रेल्वे उत्तरेकडे सरकली तशी मुलं रानात जाऊ लागली. वाट दाखवायला तिथलेच आदिवासी वाटाडे असत आणि मुलं खरं तर त्यांच्याकडूनच शिकली. सुरुवातीला हे मुलग्यांचंच जग होतं. म्हणून फॅनी केस या बाईंनी 1906 साली अल्गोंक्विनमधल्या कॅश लेकवर मुलींसाठी नॉर्थवे लॉज काढलं याचं मोल मोठं आहे. तिथे वल्हं शिकलेल्या मुली पुढे आया झाल्या, आणि मागची बैठक वडिलांचीच असते ही समजूत अशाच घरांत आधी मोडली.

मध्यमवर्गीय घरांत कनू आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तिचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. ग्रमन या विमान बनवणाऱ्या कंपनीतले अधिकारी विल्यम हॉफमन 1944 साली अ‍ॅडिराँडॅक डोंगरांत कॅनव्हासची जड कनू वाहून दमले. अ‍ॅल्युमिनियमची का करू नये, हा विचार त्यांच्या मनात तिथे आला. युद्ध संपल्यावर विमानाच्या कारखान्यातून अ‍ॅल्युमिनियमच्या कनू बाहेर पडू लागल्या. त्या खडकावर आपटल्या की भांडं पडल्यासारख्या वाजतात आणि उन्हात तापतात, पण त्यांना दरवर्षी रंगरंगोटी लागत नाही आणि अंगणात पालथ्या घालून ठेवल्या तरी त्या दोन पिढ्या टिकतात. पुढे केव्हलार हा हलका, मजबूत कृत्रिम धागा आला. लाकूड आणि कॅनव्हासची सोळा फुटी कनू पस्तीस किलोच्या आसपास भरते, तर केव्हलारची तेवढीच मोठी कनू अठरा-वीस किलोंत बसते. साठीतली बाई ही कनू एकटीने खांद्यावर घेऊ शकते. या प्रवासांचं वय दोन्ही बाजूंनी वाढलं ते या वजनामुळे, आणि लेखक मंडळी याची पुरेशी दखल घेत नाहीत.

आता ज्या माणसाने या विषयाला चेहरा दिला त्याच्याकडे येऊ. बिल मेसन (1929–1988) हे विनिपेगचे चित्रकार आणि कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी माहितीपट करणारे दिग्दर्शक. लाकडी नावेत बसवलेल्या लाकडी माणसाचा समुद्रापर्यंतचा प्रवास सांगणारा त्यांचा ‘पॅडल टु द सी’ (1966) ऑस्करच्या नामांकनात होता. पुढे 1977 साली त्यांनी वल्हं मारायला शिकवणारी ‘पाथ ऑफ द पॅडल’ ही मालिका केली आणि 1978 मधे ‘साँग ऑफ द पॅडल’. या शेवटच्या चित्रपटात कथा अशी नाही. मेसन, त्यांची पत्नी जॉइस आणि मुलं पॉल आणि बेकी रानात कनूतून हिंडतात, स्वयंपाक करतात, तंबू ठोकतात, पावसात थांबून राहतात. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण इथे कुणाला काही सिद्ध करायचं नाही. मुलं कंटाळतातही, पाण्यात खेळतात, मग पुन्हा वल्हं उचलतात.

मेसन यांना जुन्या वस्तूंचा लळा होता. लाल कॅनव्हासची प्रॉस्पेक्टर घडणीची कनू, पुढून पूर्ण उघडा असणारा पांढरा सुती तंबू आणि त्याच्यासमोर शेकोटी. अशा तंबूत अख्खं कुटुंब एकत्र बसतं आणि विस्तवाची ऊब आत येते. आजचे झिप लावून बंद होणारे छोटे तंबू हलके आहेत, पण त्यांत माणसं दोन-दोनच्या खोल्यांत वाटली जातात. आजी एका तंबूत, नातवंडं दुसऱ्यात. पाऊस दोन दिवस थांबला नाही तर हा फरक फार जाणवतो. 1988 मधे कर्करोगाचं निदान झाल्यावर मेसन कुटुंबाला आणि मित्रांना घेऊन वायव्य कॅनडातल्या नाहानी नदीवर गेले. ऑक्टोबरात ते वारले. बेकी मेसन आज एकटीने कनू चालवण्याची जुनी शैली शिकवतात आणि चित्रं काढतात. पॉल मेसन खळाळत्या पाण्यातल्या कनूचे जाणकार झाले, त्यावर त्यांनी सहलेखक म्हणून पुस्तक लिहिलं. एकाच वडिलांची दोन मुलं, एक संथ पाण्याकडे गेलं, दुसरं धबाबा पाण्याकडे. दिलेली गोष्ट जशीच्या तशी पुढे जात नाही याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

दुसऱ्या टोकाला आहे डॉन स्टारकेल यांचा प्रवास. तेही विनिपेगचेच. 1 जून 1980 रोजी ते डेना आणि जेफ या दोन मुलांना घेऊन निघाले. रेड नदीतून वर, मिसिसिपीतून खाली, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याने दक्षिणेला, मग ओरिनोको, रिओ नेग्रो आणि अ‍ॅमेझॉन. 1 मे 1982 रोजी ब्राझीलमधल्या बेलेमला ते पोचले. अंतर बारा हजार मैलांहून जास्त. जेफ मेक्सिकोतूनच परत फिरला. डेनाला लहानपणापासून दमा होता आणि वाटेत त्याला औषधांची गरज उरली नाही. पुढे तो गिटारवादक झाला. या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक विलक्षण आहे. तरी कुटुंबाचा प्रवास म्हणून ते आदर्श मानलं जातं तेव्हा मला मान्य होत नाही. परत फिरण्याचा जेफचा निर्णय मला त्या पुस्तकातला सर्वांत शहाणा प्रसंग वाटतो. वडिलांचं स्वप्न मुलांच्या खांद्यावर गेलं की मागची बैठक कधीच रिकामी होत नाही.

खांद्याचा विषय आला म्हणून पोर्टेजबद्दल थोडं सविस्तर. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू आणि सामान वाहून न्यायची पायवाट म्हणजे पोर्टेज. ती सुरू होते तिथे बहुधा चिखल असतो नाहीतर गोल, निसरडे दगड. कनू दगडाला घासू नये म्हणून पुढचा माणूस घोटाभर पाण्यात उतरतो. सामान काठावर येतं. मग कनू नेणारा तिच्या मधोमध उभा राहतो, तिला मांड्यांवर घेतो, एका झटक्यात डोक्यावर पालथी करतो आणि मधलं जू मानेच्या दोन्ही बाजूंना टेकवतो. हे जू म्हणजे मानेपुरती खोबण असलेली लाकडी पट्टी. आता त्याला पायापुढची दहा-बारा फूट वाट तेवढी दिसते. डास कनूच्या पोटात अडकून कानाशी घोंघावतात आणि दोन्ही हात काठांना धरलेले असतात. अशा वेळी मूल पुढे चालतं. हातात वल्ही, पाठीवर स्वतःची छोटी पिशवी. ‘मूळ आहे’, ‘दगड हलतोय’, ‘डावीकडून ये’ असं ओरडून सांगतं. सात वर्षांच्या मुलाच्या सांगण्यावर मोठं माणूस पाऊल टाकतं, आणि दोघांनाही ठाऊक असतं की हा खेळ नाही. या भागात पोर्टेजचं अंतर रॉडमधे मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूइतका. ऐंशी रॉडची वाट दोन फेऱ्यांत करायची म्हटली की कुणी काय उचलायचं याची वाटणी घरात आपोआप होते आणि दरवर्षी बदलते.

धोक्याबद्दल लपवाछपवी नको. 11 जून 1978 रोजी ऑन्टारियो आणि क्युबेकच्या सीमेवरच्या टिमिस्कामिंग तळ्यात एका शाळेची सहल बुडाली. चार मोठ्या कनू, 27 मुलं आणि चार शिक्षक. एक कनू उलटली, तिला वाचवायला गेलेल्याही उलटल्या. बारा मुलं आणि एक शिक्षक गेले. लाइफ जॅकेट होती. घात केला तो पाण्याच्या थंडीने. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यावर आयुष्यभर काम करून एक साधा हिशेब लोकांना दिला आहे. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणून जूनच्या सुरुवातीला मुलं-म्हातारी माणसं बरोबर असताना काठाकाठाने जायचं, वारा उठला की थांबायचं. वारा पडेपर्यंत अर्धा दिवस काठावर बसून राहणारे आईवडील मुलांना वल्ह्याइतकंच महत्त्वाचं काही शिकवत असतात.

आता सुरुवातीला म्हटलेली दुसरी गोष्ट, म्हणजे नातवालाही तशीच सापडायला हवी ती जागा. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरचं बाउंड्री वॉटर्स हे दहा लाख एकरांहून मोठं राखीव रान, त्यात हजारावर तळी, आणि सीमेपलीकडे ऑन्टारियोतलं क्वेटिको पार्क. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि बाउंड्री वॉटर्समधे चार होड्या, डबे-बाटल्यांना बंदी, प्रवेशाला मर्यादा. आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना आणि नातवंडं असा दहा जणांचा परिवार असेल तर त्याला दोन गट करून वेगवेगळ्या जागी मुक्काम करावा लागतो. त्यावर कुरकुर होते, पण मला हा नियम योग्य वाटतो. तळ्याकाठच्या एका छोट्या मोकळ्या जागेवर दर उन्हाळ्यात शेकडो माणसं झोपणार असतील तर ती जागा टिकायला काहीतरी मोजमाप हवंच.

हे नियम सहज आले नाहीत. सरोवरांवर मोटरबोटी असाव्यात की नाही यावर 1970च्या दशकात मिनेसोटातल्या ईली गावात दोन तट पडले. निसर्गलेखक आणि जुने वाटाडे सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा 1977 च्या सुनावणीच्या दिवशी तिथे फासावर लटकवला गेला. 1978 च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवरून मोटरबोटी हटल्या. विरोध करणारे सगळे निसर्गाचे शत्रू होते असं म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. त्यांच्याही आजोबांनी त्याच तळ्यांवर मासे पकडले होते, त्यांचीही काठावरची छोटी विश्रामगृहं होती. त्यांच्या घरचा वारसा मोटरच्या आवाजासकट होता. कायद्याच्या बाजूने मी उभा आहे, तरी त्या घरांचं दुःख खोटं नव्हतं.

त्याहून जुना आणि मोठा अन्याय सीमेच्या दुसऱ्या बाजूला झाला. क्वेटिकोच्या आत अनिशिनाबे लोकांसाठी राखून ठेवलेली स्टर्जन लेकची जमीन ऑन्टारियोने 1915 साली रद्द केली. ‘माणसाचा हात न लागलेलं रान’ अशी जाहिरात झालेल्या जागेतून माणसं हलवली गेली होती. 1991 मधे प्रांताच्या सरकारने लॅक ला क्र्वा या अनिशिनाबे समाजाची जाहीर माफी मागितली. क्वेटिकोत तीन पिढ्या येणारं शहरी कुटुंब आपल्या मुलांना हे सांगत नसेल तर त्याची परंपरा अर्धवट आहे असं मी मानतो.

आज बाउंड्री वॉटर्सच्या वरच्या अंगाला तांब्याची खाण हवी की नको हा वाद आहे. तिथलं तांबं गंधकयुक्त खडकात आहे. तो उकरून हवा-पाण्यात उघडा पडला की आम्ल तयार होतं, आणि तिथलं पाणी कावीशिवी नदीतून थेट या तळ्यांकडे वाहतं. जानेवारी 2023 मधे अमेरिकन सरकारने सव्वादोन लाख एकर जमीन वीस वर्षांसाठी खाणकामातून वगळली, तरी तो निर्णय उलटवण्याचे प्रयत्न त्यानंतरही होत राहिले. वीस वर्षं म्हणजे एक मूल मधल्या जागेवरून मागच्या बैठकीवर येण्याइतकाच काळ.

या सगळ्यात मला सर्वाधिक आशा वाटते ती आदिवासी समाजांच्या नव्या प्रवासांबद्दल. ग्रेट स्लेव्ह आणि ग्रेट बेअर या महातळ्यांच्या मधे राहणारे त्लिचो लोक आपल्या वार्षिक मेळाव्याला मोठ्या कनूंतून जातात. म्हातारी माणसं, तरुण आणि मुलं एकत्र, पूर्वजांच्या वाटेने. वाटेतल्या जागांची नावं आणि गोष्टी तिथेच, त्या जागी, सांगितल्या जातात. पॅसिफिक किनाऱ्यावर 1989 साली क्विनॉल्ट समाजाचे एमेट ऑलिव्हर यांनी सिएटलपर्यंतचा कनूप्रवास घडवून आणला, आणि 1993 मधे बेला बेला इथे मोठा मेळावा झाला. तेव्हापासून सीडरच्या मोठ्या कनू बहुतेक उन्हाळ्यांत निघतात. एका कनूभोवतीचे सगळे, वल्हवणारे, किनाऱ्यावरून स्वयंपाक करणारे, गाणारे, एक कनूकुटुंब मानले जातात. काठाला लागण्याआधी पाण्यात थांबून यजमानांची परवानगी मागायची, आणि दारू-अमली पदार्थ वर्ज्य. रक्ताच्या नात्याबाहेरचं कुटुंब कसं घडतं हे इथे दिसतं.

टोरंटोच्या आसपासच्या मराठी घरांतही हा विषय आता दारात आला आहे. 2011 पासूनच्या सुपर व्हिसामुळे आजी-आजोबा लांब मुक्कामाला येतात आणि बहुधा उन्हाळाच निवडतात. अल्गोंक्विन तीन-चार तासांवर आहे, कनू भाड्याने मिळते, आणि पार्क्स कॅनडाचे रानात राहायला शिकवणारे वर्ग नव्या आलेल्यांसाठीही आहेत. त्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे की पहिल्या वर्षी पोर्टेज नसलेलं एकच तळं घ्या, वारा कमी असताना सकाळी लवकर पाण्यावर उतरा, आणि आजीला मधे बसवून वल्हं मात्र तिच्याही हातात द्या.

या विषयावरच्या लेखनात एक मोठी पोकळी आहे. पुस्तकं लिहिली ती बहुतेक मागच्या बैठकीवरच्या पुरुषांनी. मधे बसलेल्या मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं, पुढे बसलेल्या बायकांचं म्हणणं फार थोडं छापलं गेलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पहिल्या कनूंतून 1950च्या दशकात जी मुलं गेली ती आज सत्तरीच्या-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणींत तेव्हाचे वाटाडे आहेत, त्यांची नावं आहेत, मोटरबंदीआधीची तळी आहेत, आणि 1999 च्या 4 जुलैला बाउंड्री वॉटर्समधे आलेल्या वादळात आडवी झालेली ती जुनी पाइनची झाडं उभी आहेत. संग्रहालयांनी आणि मेळाव्यांनी त्या आठवणी या चार-पाच वर्षांतच ध्वनिमुद्रित करून घ्यायला हव्यात, आणि सुरुवात आज्यांपासून करावी.